निक क्लेग: उपपंतप्रधान ते फेसबुक, नियमात बसलं कसं?

चौकस
क्लेग २०१० ते २०१५ ब्रिटनचे उपपंतप्रधान होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते फेसबुकचे उपाध्यक्ष झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये बढती मिळून जागतिक धोरणाचे अध्यक्ष. ब्रिटनमध्ये माजी मंत्र्याला नोकरी धरण्याआधी सरकारच्या सल्लागार समितीला विचारावं लागायचं ना? मग हे सुटले कसे? आणि अशा माणसांची कंपनी सरकारात कोणाला भेटते, हे बाहेरून शोधता येतं का?

साक्षेपी
सुटले नाहीत, मुदतच संपली होती. विचारायचं बंधन पद सोडल्यापासून दोन वर्षांचं. क्लेग मे २०१५ मध्ये मंत्रिपदावरून गेले, म्हणजे मे २०१७ ला घड्याळ थांबलं. जून २०१७ पर्यंत ते खासदार होते खरे, पण मोजणी मंत्रिपद सुटल्यापासून होते, खासदारकीचा तिथे संबंध नाही.

आणि मुदतीत असते तरी काय? ती समिती फक्त सल्ला द्यायची. सल्ला धुडकावला तर दंड नाही, जास्तीत जास्त एक खरमरीत पत्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती गुंडाळली. माजी मंत्र्यांचं काम आता मंत्र्यांच्या आचारसंहितेवरच्या स्वतंत्र सल्लागाराकडे आहे आणि गंभीर उल्लंघन झालं तर पद सोडताना मिळालेले पैसे परत मागता येतात.

कलमबहाद्दर
त्याहून मोठं भगदाड २०१४ च्या लॉबिंग (सरकारकडे कोणासाठी तरी शब्द टाकण्याच्या) कायद्यात आहे. नोंदणी फक्त सल्लागार लॉबिस्टला, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने मंत्र्यांशी किंवा खात्याच्या सर्वोच्च सचिवांशी बोलणाऱ्याला. स्वतःच्याच कंपनीसाठी बोलणारा पगारी नोकर यातून मोकळा. कॅमेरून याच दारातून गेले: पंतप्रधानपद जुलै २०१६ ला सोडलं, ग्रीनसिल या वित्त कंपनीत ऑगस्ट २०१८ ला रुजू. दोन वर्षं आणि वर एक महिना! २०२० मध्ये त्यांनी अर्थमंत्री सुनाक यांना कंपनीसाठी थेट मेसेज केले. मार्च २०२१ मध्ये कंपनी बुडाली आणि त्याच महिन्यात लॉबिस्ट नोंदणीच्या निबंधकांनी निर्वाळा दिला की ते नोकर होते, नोंदणीची गरज नव्हती.

ओवेन पॅटरसन यांची गोष्ट वेगळी. ते विद्यमान खासदार असताना रँडॉक्स या वैद्यकीय चाचण्यांच्या कंपनीकडून पैसे घेऊन तिच्यासाठी शब्द टाकत होते. ते संसदेच्या नियमांत अडकलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना खासदारकी सोडावी लागली.

फाईलखोर
शोधायचं असेल तर असं करा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक खातं मंत्र्यांच्या भेटींची तिमाही यादी टाकतं. संस्कृती, अर्थ, गृह अशी दोन-चार खाती निवडा आणि कंपनीच्या नावाने शोधा. व्यक्तीच्या नावाने शोधून बहुतेकदा काही सापडत नाही, कारण रकान्यात संस्था लिहिलेली असते. कंपनीचं नाव ऑक्टोबर २०२१ पर्यंत 'फेसबुक' होतं आणि त्यानंतर 'मेटा', दोन्ही टाका. सर्वोच्च सचिवांच्या याद्या वेगळ्या असतात, त्या विसरू नका.

गफलत इथे होते: यादी काही महिने उशिरा येते, भेटीचं कारण म्हणून 'सर्वसाधारण चर्चा' एवढंच लिहितात, आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं त्यात नसतं. ग्रीनसिलचं प्रकरण या याद्यांतून कधीच बाहेर आलं नसतं.

चौकस
@फाईलखोर, धन्यवाद. पण क्लेगच का? त्यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष तर त्यांनी २०१५ च्या निवडणुकीत ५७ जागांवरून ८ वर आणला होता.

साक्षेपी
फेसबुकला मतं कुठे हवी होती? क्लेग आधी युरोपीय आयोगात आयुक्त लिऑन ब्रिटन यांच्या कार्यालयात होते, मग १९९९ ते २००४ युरोपीय खासदार. मार्च २०१८ मध्ये फेसबुकवरच्या माहितीच्या गैरवापराचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण, मे २०१८ मध्ये युरोपचा नवा डेटा कायदा: कंपनीला ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघाचं मुख्यालय, आतून ओळखणारा माणूस हवा होता. म्हणून तुम्हीही लंडनइतकंच ब्रुसेल्स तपासा. युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत कंपन्यांचे पगारी लॉबिस्टही येतात, वार्षिक खर्चाचा अंदाज द्यावा लागतो, आणि आयुक्तांच्या भेटी डिसेंबर २०१४ पासून जाहीर होतात.