फोन, टॅब की छोटा लॅपटॉप? साईजवरून कसं ठरवता?

चिमणपाखरू:
नमस्कार मंडळी, मी भाषांतराची कामं करते, रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने येणंजाणं. घरचा लॅपटॉप १५.६ इंची आहे, तो रोज खांद्यावर घेऊन गर्दीत चढणं आता नको वाटतं. दुकानात गेलं की सगळे इंचातच बोलतात, ११ घ्या, १३ घ्या, १४ घ्या. भाऊ म्हणतो मोठा फोन घे, झालं काम. तुम्ही यातलं कशाला काय म्हणता आणि कशासाठी काय वापरता?

गोदाकाठ:
ताई, इंच बाजूला ठेवा, शरीर कसं असतं ते बघा. उभ्याने एका हातात वापरता येतो तो फोन, बसून हातात धरून वाचायला बरा तो टॅब, आणि मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी टाइप करता येतं तो लॅपटॉप. टॅबला कीबोर्ड कव्हर लावलं की लॅपटॉप झाला असं दुकानदार सांगतो पण सगळं वजन स्क्रीनकडे असतं, मांडीवर तो मागेच कलंडतो, त्याला टेबल लागतं आणि लोकलमध्ये टेबल कुठून आणणार!

साईजच्या पाट्या तर बदलतच राहतात. २००७ साली आसुसचा ई पीसी आला, स्क्रीन ७ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेल, साधं वेबपेजसुद्धा आडवं मावायचं नाही, तरी त्यातून नेटबुकची, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपची लाट आली. २०१० ला ९.७ इंची आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्सनी कसोटी बरोबर सांगितली होती: फोन आणि लॅपटॉपच्या मधल्या वस्तूने काही कामं त्या दोघांपेक्षा चांगली केली पाहिजेत, नाहीतर तिची गरजच नाही. २०११ चा गॅलक्सी नोट ५.३ इंची होता तर लोकांना तो अवाढव्य वाटला, आज तेवढा फोन छोट्यात मोडतो.

रानवाट:
सहमत, पण इंचाचं एक सांगतोच. तो कर्णाचा आकडा असतो, उंची त्यात कळत नाही. १६:९ चा (म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा प्रमाणाचा) १५.६ इंची स्क्रीन साधारण ७.६ इंच उंच भरतो, आणि ३:२ चा १३.५ इंची जवळपास ७.५. म्हणजे लॅपटॉप बराच लहान होऊनही तुमच्या ओळी जवळजवळ तेवढ्याच दिसतात! लिहिणाऱ्या माणसाला उंचीच कामाची. १६:१० चा १४ इंचीसुद्धा ७.४ च्या आसपास जातो.

चिमणपाखरू:
अरे वा, हे दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं. मला डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे भाषांतर असं लागतं, टॅबवर दोन खिडक्या उघडल्या आणि खालून मराठी कीबोर्ड वर आला की जेमतेम चार ओळी उरतात.

गोदाकाठ:
मग टॅबचा विषय संपला. आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी हव्यात म्हणजे रुंदीही लागणार, त्यामुळे तुम्हाला १६:१० चा १४ इंचीच बरा. वजन सव्वा ते दीड किलोच्या आत बघा, आणि चार्जर टाइप सी हवा म्हणजे वेगळी जड वीट पिशवीत नको.

रानवाट:
दुकानात जाल तेव्हा तुमचीच एक फाईल पेनड्राइव्हवर न्या, दोन खिडक्या लावून अर्धं पान तिथेच टाइप करून बघा. आणि हो, उभ्याने प्रवास होणार असेल तर मूळ मजकूर फोनवर वाचून घ्यायचा, लॅपटॉप पिशवीतच राहू दे.