घारापुरीत टेबल टेनिस सुरू करायचंय

मोराबंदरकर: बेटावरच्या पोरांसाठी टेबल टेनिस सुरू करायचंय. २०१८मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज आली, संध्याकाळची सोय झाली. जागा मात्र एकच पत्र्याची शेड, दर्याकडून उघडी. वाऱ्यात खेळता येईल का? आणि टेबल लाँचमधून कसं आणू?

बॅकहँड: चेंडू २.७ ग्रॅमचा, वारा काय सोडतोय! त्या बाजूला ताडपत्री ताणून बांधा. दोन भागांत सुटणारं टेबल घ्या. एकेक भाग साधारण दीड मीटर लांब, चौघे सहज उचलतील. भरती बघूनच धक्क्यावर उतरवा.

मास्तर_मुरूड: खाऱ्या हवेत लोखंडी पाय लवकर गंजतात, आधीच रंग मारा. बॅटवरचं रबर ओल्या फडक्याने पुसून झाकून ठेवायचं. पोरं कंटाळा करतात, मागे लागावं लागतं.

बॅकहँड: वानुआतूही छोट्या बेटांचाच देश. तिथला योशुआ शिंग २०१२ आणि २०१६ची ऑलिंपिक खेळला. पण तुमच्याकडे शिकवणार कोण? टेबल काय, मिळेल.

मोराबंदरकर: कॉलेजला जाणाऱ्या दोघी तयार आहेत. सोमवारी लेणी बंद, तेव्हा स्टॉलवरची पोरंही मोकळी. सोमवारपासूनच धरतो. जुनं टेबल कुणी देतंय का, मास्तर?