‘लाजाळूची भाजी’ म्हणावं का?

भाऊ नोकरीनिमित्त बँकॉकला असतो. परवा कोथरूडला घरी आल्यावर म्हणाला, “तिकडे लाजाळूची भाजी खातात.” आईने त्याला वेड्यातच काढलं. पण त्याच्या फोनमधल्या फोटोत पानं हुबेहूब लाजाळूची होती. या भाजीला मराठीत काय म्हणायचं?

*

ताई, भाऊ खरं सांगतोय, फक्त नाव गफलतीचं आहे. ती वनस्पती म्हणजे नेप्चुनिया ओलरेसिया. थाई लोक तिला ‘फाक क्राचेत’ म्हणतात; ‘फाक’ म्हणजे भाजी. तळ्यात पसरते, फुलं पिवळी, हात लावला की पानं मिटतात. देठाभोवती पांढरा, स्पंजासारखा थर असतो, त्याच्या जोरावर ती तरंगते. तो थर ओरबाडून टाकतात आणि कोवळे शेंडे लसूण-मिरचीवर परततात, नाहीतर कच्चेच तिखट चटणीशी खातात. ‘ओलरेसिया’चा अर्थच भाजीपाल्यातली, पालक आणि कोबीच्या शास्त्रीय नावांतही हाच शब्द आहे.

आपलं लाजाळू वेगळं: मायमोसा प्युडिका. गुलाबी गोंडे, देठाला काटे, मूळ अमेरिका खंडातलं. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हणून नुसतं ‘लाजाळूची भाजी’ म्हणू नये असं मला कळकळीने वाटतं. ऐकून कुणी कुंडीतलं लाजाळू खुडून फोडणीला टाकायचं!

पाणकोंबडी, पाणमांजर, पाणकणीस या चालीवर ‘पाणलाजाळू’ म्हणा.

*

‘पाणलाजरी’ का नको? दयाळू, झोपाळू, लाजाळू यांतला ‘-आळू’ स्वभाव सांगतो. हसरा, लाजरा यांतला ‘-रा’ बहुधा चेहऱ्यावर दिसणारा भाव. आपण ‘लाजरं हसू’ म्हणतो, ‘लाजाळू हसू’ कुणी म्हणत नाही. पान तर घटकाभर मिटतं आणि पुन्हा उघडतं.

*

मुद्दा पटतो. पण ‘लाजरी’ हे नाव आधीच दुसरीकडे दिलेलं आहे. पावसाळ्यात सावलीत उगवणारी, बोटभर नारळाच्या झाडासारखी दिसणारी, पिवळ्या फुलांची बायोफायटम ती लाजरी. ती इथलीच. मायमोसा प्युडिका अमेरिकेतून आलेली असल्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथांतली ‘लज्जालु’ ती असूच शकत नाही, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

आणि ताई, आईंना सांगा, पानं मिटणारी भाजी आपल्याकडेही आहे: कवळा. तिच्या एका जातीचं शास्त्रीय नावच स्मिथिया सेन्सिटिव्हा. सह्याद्रीत पावसाळ्यात ही रानभाजी खुडतात. कुणी रानभाज्या विकायला बसलेलं दिसलं तर कवळ्याची जुडी मागा. कोवळी पानं निवडून, चिरून कांद्यावर परतायची.

*

आईला ‘पाणलाजाळू’ सांगितलं. ती म्हणाली, “मायाळूची भजी करतोच की आपण, मग पाणलाजाळूची भाजी का नसावी?” मायाळूही ‘-आळू’वालाच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.