मदत हवी आहे: मुक्कामी गाडीच्या मास्तरांवर गाणी लिहायची आहेत, पहिल्याच कडव्यात अडलोय

मंडळी, नमस्कार.

पाटण तालुक्यात डोंगरात आमचं गाव. रात्री साडेनऊला मुक्कामी एस.टी. यायची, सकाळी सहाला परत निघायची. ही ड्युटी सहसा कुणाला नको असायची; आमचे कंडक्टर ती मागून घ्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. रिटायर झाल्यावरही यात्रा चुकवली नाही. गेल्या मार्गशीर्षात वारले. आता सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, भजनी मंडळानं त्यांच्यासाठी अर्धा तास ठेवलाय. "तू पुण्यात असतोस, लिहितोस काहीतरी" म्हणून गाणी माझ्या गळ्यात.

आधी पोवाडा घेतला. गावात डफ आहे, झीलकरी (शाहिराच्या मागे सूर धरणारे) व्हायला पोरं एका पायावर तयार. १ जून १९४८, पुणे-नगर, पहिली एस.टी. अशी सुरुवात केली. सोळा ओळी झाल्या तरी मास्तर गाडीत चढेनात. शिवाय पोवाड्याला समोर शत्रू लागतो. मास्तरांचा शत्रू म्हणजे फार तर पावसाळ्यातली दरड. बायको हसली, मी कागद फाडला. पोरं म्हणतात सिनेमातल्या चालीवर शब्द बसवा. ते मला नको, ऐकणाऱ्याच्या डोक्यात नायिका नाचायला लागते.

मग अभंग. मंडळाचा भजनी ठेका हातात बसलेला आहे. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. पहिला खर्डा:

धन्य हे मास्तर । थोर त्यांची सेवा ।
गावाचा हा ठेवा । अनमोल ॥

अक्षरं चोख. पण हेच उद्या सरपंचाला लावा, बसतंय! यात मास्तर कुठेच नाहीत. ते कराडहून कुणाच्या बीपीच्या गोळ्या आणत, कुणाचा चष्मा दुरुस्त करून आणत, आणि गाडी पाराला लागली की बॅटरी घेऊन स्वतः दारात जात. शाळेत असताना माझ्याकडे पैसे नसले तर तिकिटाचा चिमटा दांडीवर टकटक वाजवून म्हणायचे, "उद्या दे." रोकड वेबिलाशी (विकलेल्या तिकिटांच्या नोंदीच्या कागदाशी) जुळवावी लागते, म्हणजे तूट ते खिशातून भरत असणार, हे मला नोकरीला लागल्यावर सुचलं. म्हणून दुसरा खर्डा:

शेवटची गाडी । उभी पारापाशी ।
औषध उशाशी । पोचवून ॥

पैसे नसतील । उद्या दे तू म्हणे ।
उद्याचे ते देणे । राहिलेच ॥

दोन अडचणी. पहिल्या कडव्यात 'पोचवून' कोण? वाचताना गाडीच औषध देऊन आल्यासारखी वाटते. आणि डबलबेल, डेपो हे शब्द घालायचेत, पण आमचे बुवा म्हणतात अभंगात इंग्रजी नको. काय करू?

प्रतिसाद १
बुवांना नाथांच्या 'अर्जदस्त' भारुडाची आठवण करून द्या. त्यात त्या काळची कचेरीतली फारसी सरळ उचललीय. डेपो बिनधास्त घाला. 'पोचवून' काढा, 'कोण ठेवी' करा. चारच अक्षरं, आणि प्रश्न पडला की माणूस आपोआप येतो. तेच ध्रुपद ठेवा, टाळकऱ्यांना परतपरत म्हणायला बरं. 'धन्य' आणि 'थोर' मात्र परत आणू नका, राव.

प्रतिसाद २
शेवटचा चार अक्षरांचा चरण गाताना लांबतो, त्यामुळे तिथे जड शब्द नको. कागदावर मोजू नका, टाळी देऊन म्हणून बघा. 'डबलबेल' पाच अक्षरी आहे, शेवटी बसणार नाही. 'दोन घंट्या' बसेल:

गाव धुक्यामध्ये । पहाटेच्या वेळी ।
जाग आळोआळी । दोन घंट्या ॥

आवडलं तर घ्या, नाहीतर सोडा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. 'कोण ठेवी' काल फोनवर बुवांना म्हणून दाखवलं, जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले चालेल. दोन घंट्याही घेतो. तिथे पखवाज थांबेल आणि टाळाचे फक्त दोन ठोके पडतील. 'उद्याचे ते देणे'ला हात लावत नाही.

आता बायकांचं म्हणणं, आम्हाला ओवीत एक गाणं हवं, मास्तरांनी आमचे माहेरचे निरोप आणलेत. त्याला वेगळा धागा काढू की इथेच विचारू?