थिबा पॅलेस : तुम्ही कधी गेला होतात? आठवणी लिहा

रत्नागिरीचं घर बंद करून आई गेल्या महिन्यात आमच्याकडे पुण्याला आली. रोज संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत जाऊन उभी राहते. समोर दिसतात त्या फक्त दुसऱ्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या. काल विचारलं, काय बघतेस गं? म्हणाली, "काही नाही, भाट्याच्या खाडीवर आता ऊन उतरलं असेल."

आणि मला एकदम थिबा पॅलेस आठवला. मी चौथीत होते. आजी आम्हा पोरांना चालत घेऊन गेली होती. लाल भिंती, उतरती छपरं आणि वर त्या अर्धगोल, नक्षीच्या लाकडी खिडक्या. खाली नाचघराची संगमरवरी फरशी इतकी गार की आम्ही चपला काढून तिथेच बसलो. आजी वर बोट दाखवून म्हणाली, "तिथं उभा राहायचा राजा. दुर्बीण घेऊन. बोटी बघत." मी विचारलं, कुठली बोट? आजी म्हणाली, "त्याला न्यायला येणारी."

१८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिथला राजा थिबा सव्वीस वर्षांचा होता. त्याला कैद करून आणलं, आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. हा वाडा बांधून त्यात राहायला जाईपर्यंत १९१० उजाडलं. वाड्याच्या आखणीत त्याने स्वतः लक्ष घातलं होतं म्हणतात. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ च्या डिसेंबरात गेला, रत्नागिरीतच. न्यायला बोट आलीच नाही.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? लिहा ना. आईला वाचून दाखवेन.

भाट्येकर
डोळ्यात पाणी आलं ताई. आमची आईही अशीच नवी मुंबईला आली, दोन वर्षं झाली. अजून बाजारात गेली की म्हणते, इथल्या बांगड्याला वास नाही. आईंना नमस्कार सांगा.

रातांबा
आम्ही तीन वेळा गेलो, तीनही वेळा सोमवार! संग्रहालय बंद. बाहेरून आवार फिरलो. पण आवारही काय शांत आहे हो, एवढं मोठं. मुलं दमेपर्यंत पळाली. जाणाऱ्यांनी वार बघून जा.

जुनी_वही
एक गोष्ट मला कायम टोचते. खिडकीतून समुद्र दिसतो तो पश्चिमेला. त्याची राजधानी मंडाले पूर्वेला. म्हणजे राजा इतकी वर्षं घराकडे पाठ करून घराची वाट बघत होता. मी तिथे सूर्यास्ताला उभा होतो आणि हे लक्षात आल्यावर फोटो काढायचाही राहिला.

शिरगाव१९७२
@जुनी_वही अहो त्याहून विलक्षण सांगतो. टिळक जन्मले रत्नागिरीत, आणि १९०८ ते १९१४ त्यांना ठेवलं मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे थिबा या वाड्यात राहायला आला तेव्हा रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर आणि हा वाडा मी मुलांना एकाच दिवशी दाखवतो, मुद्दाम.

भाट्येकर
आणि बहादूरशहा जफर रंगूनला. इंग्रजांनी अदलाबदलच केली राजांची.

सागवान
कंपनीच्या कामाने मंडालेला आठ महिने होतो. तिथला मूळ राजवाडा दुसऱ्या महायुद्धात १९४५ ला जळाला, आता आहे तो नव्याने बांधलेला. पण एक लाकडी मठ वाचलाय, श्वेनान्दॉ. तो आधी राजवाड्यातला महाल होता, थिबाचे वडील मिंदोन त्यातच वारले. थिबाने तो उतरवून राजवाड्याबाहेर नेला आणि मठ केला, म्हणून आगीतून वाचला. सगळं सागवान, इंच न् इंच कोरलेलं. मी तिथे उभा राहून बायकोला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं अगं, ही आपल्या थिबा पॅलेसच्या खिडकीची आई! सुट्टीत आलो तेव्हा रत्नागिरीला जाऊन ती खिडकी पुन्हा नीट बघितली. आधी लहानपणापासून शंभरदा बघितली होती, पण पाहिली त्या दिवशी.

रातांबा
@सागवान खिडकीची आई, किती छान लिहिलंत. आठ महिने जेवणाचं काय केलंत? माझा भाऊ जाणार आहे तिकडे.

सागवान
भात, मासे, सुकट, सगळं आहे. कोकणातल्या माणसाला काही अडत नाही. लोणचं मात्र न्यायला सांगा.

घाटमाथा
विषयाला थोडं सोडून. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे कृष्णेचा घाट. घाटावर मोठी घंटा, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. माझे वडील वाड्यात न शिरता घाटावरच बसून राहिले दोन तास. त्यांचं शेवटचं बाहेर फिरणं ते. बाकी काही लिहवत नाही.

शिरगाव१९७२
🙏

अंगण
थोरल्या राजकन्येबद्दल कुणी लिहिलं नाही. १९१९ मध्ये राणी आणि मुली रंगूनला परत गेल्या, पण ही पुन्हा रत्नागिरीला आली, लेकीला घेऊन. ती लेक टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार केला, २००० साली इथेच वारली. आमच्या घरी मोठी माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली करायची. पॅलेस बघून झाला की शहरातली थिबाची समाधीही बघा. बहुतेक लोक तिथे जात नाहीत, जायला हवं.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचून दाखवलं. सुकटीपाशी आई हसली. @अंगण टुटूचं ऐकल्यावर म्हणाली, "मी बघितलंय तिला, बाजारात." इतकी वर्षं कधी बोलली नव्हती! आता रोज थोडं थोडं विचारतेय. पुढच्या शनिवारी तिला घेऊन निघतोय. गुडघे धरतात तिचे, आवारात बसायला बाकं आहेत का हो?

रातांबा
घडीची खुर्ची न्या सोबत. आणि शनिवारच ना, नक्की?