बारावीनंतर थेट परदेशात? एजंट एक सांगतो, सर दुसरं, काका तिसरंच

साखळीची_बाय
नमस्कार. मी अकरावी सायन्सला, गोवा बोर्ड, दहावीला 88 टक्के. मला मेकॅनिकल बाहेर जाऊन करायचंय. बाबांचं साखळी बाजारात भुसारी दुकान आहे, त्यामुळे पैसा मोजूनच. गेल्या रविवारी बाबांच्या ओळखीतला एक एजंट घरी आला, चहा-भजी झाली, मग म्हणाला जर्मनीत फी नाही, बारावीचा रिझल्ट लागला की लगेच पाठवतो, माझी सर्व्हिस फुकट, फक्त 'फाइल उघडायला' 25 हजार द्या. बाबा तर खूश. शाळेत सरांना विचारलं तर ते म्हणाले बारावीवर कुठेच घेत नाहीत, आधी इथं ग्रॅज्युएशन कर. आणि इंग्लंडमधल्या स्विंडनचे काका व्हॉट्सॲपवर सांगतात की आजोबांची जन्मनोंद पोर्तुगीज काळातली आहे (1948, डिचोली), त्यावर आधी पोर्तुगीज पासपोर्ट काढा, मग यूकेत फी निम्मी. आता मी कोणाचं ऐकू? बाबा 25 हजार द्यायला निघालेत म्हणून जरा घाई आहे.

फर्मागुडी_ते_जर्मनी
बाय, पहिलं म्हणजे बाबांना थांबव, 25 हजार खिशातच राहू देत.

मी स्वतः याच वाटेने आलोय म्हणून सांगतो. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरंय (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतात). पण आपली नुसती बारावी तिथल्या शाळा संपवण्याच्या परीक्षेएवढी धरत नाहीत. मग रस्ते उरतात तीन. एक, श्टुडिएनकोलेग, म्हणजे एक वर्षाचा तयारीचा कोर्स, इंजिनिअरिंगवाल्यांना टी-कुर्स, आत जायलाच जर्मन आणि गणिताची परीक्षा, आणि शेवटी आणखी एक परीक्षा. दुसरा, जेईई ॲडव्हान्स्ड काढली असेल तर थेट अर्ज. तिसरा मी घेतला, गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नीट पास केलं आणि त्यावर त्याच शाखेसाठी अर्ज टाकला. घरचे ओरडले की एक वर्ष फुकट गेलं, पण ते वर्ष मी पणजीत संध्याकाळी जर्मनच्या क्लासला गेलो, शेवटच्या कदंबा बसमध्ये जर्मनची पुस्तकं मांडीवर घेऊन डुलक्या काढत यायचो. फुकट काही गेलं नाही.

म्हणजे तुझे सर अर्धे बरोबर आणि एजंट अर्धा बरोबर, पण एजंटचा अर्धा भाग महागात पडणारा आहे. 'रिझल्ट लागला की लगेच' म्हणजे बहुधा प्रायव्हेट कॉलेज, जिथं इंग्लिशमधून कोर्स आणि वर्षाची फी हजारो युरोंत. एजंटला कमिशन देतं ते असलं कॉलेज, सरकारी युनिव्हर्सिटी कशाला देईल? त्याची सर्व्हिस फुकट का ते यात आलं. त्याला सरळ विचार, युनिव्हर्सिटीचं नाव काय आणि सरकारी की प्रायव्हेट. गप्प बसला तर समजून जा.

खर्चाचं पण ऐक. एपीएस म्हणून कागदांची पडताळणी असते, त्याचे 18 हजार रुपये. अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून गेला तर पहिल्याला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आपले बारा लाखांच्या आसपास किंवा वर. हा पैसा फी नाही, तुझाच आहे, तिथं गेल्यावर महिन्याला 992 युरो असा हातात येतो, पण आधी एकदम उभा करायचा असतो आणि दुकानवाल्या घराला तोच मोठा डोंगर.

फोंड्याची_टीचर
मी हायर सेकंडरीत शिकवते, दरवर्षी दोन-तीन मुलं शेवटच्या क्षणी दारात उभी असतात म्हणून लिहिते.

आपल्याकडे दहावीपर्यंत एक शाळा आणि अकरावी-बारावी दुसरीकडे. अमेरिकेत अर्ज करणार असाल तर नववीपासून चारही वर्षांचे मार्क लागतात, म्हणजे दोन शाळांच्या ऑफिसात फेऱ्या. नववीचे मार्क बोर्डाकडे नसतात, ते शाळेच्या रजिस्टरमध्ये. माझ्या एका विद्यार्थ्याची जुनी शाळा गणेश चवथीच्या सुट्टीत बंद, क्लार्क गावी, आणि रजिस्टर कपाटात, चावी हेडमास्तरांकडे. बिचारा सात दिवस त्या गेटवर. तेव्हा अकरावी संपली की लगेच दोन्हीकडून शिक्का-सहीसकट तीन-तीन कॉपी घेऊन ठेव.

आणि शिफारसपत्र. आमचे बरेच शिक्षक अजून कागदावर 'हिचे वर्तन चांगले आहे' लिहून देतात, चूक त्यांची नाही, कोणी शिकवलंच नाही. बाहेर ते ऑनलाइन जातं, शिक्षकांच्या ईमेलवर लिंक येते आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडते. मी स्वतः एका मुलीची लिंक अकरा दिवस बघितली नव्हती, अजून वाईट वाटतं. तर बाय, ज्या शिक्षकांना सांगशील त्यांच्या शेजारी बसून ती मेल उघडून घे, लाजू नको, आणि तू लॅबमध्ये काय केलंस, कुठल्या प्रश्नावर भांडलीस हे अर्ध्या पानावर लिहून दे. आठवण करून दिली तर कोणी रागावत नाही.

यूकेचं थोडक्यात: यूकासवर, म्हणजे तिथल्या अर्जांच्या सामायिक वेबसाइटवर, पाच जागा निवडता येतात, बहुतेक कोर्सेसची मुदत जानेवारीच्या मध्यात, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि मेडिकलची 15 ऑक्टोबर. पर्सनल स्टेटमेंट आता एकसंध निबंध नाही, तीन प्रश्नांची उत्तरं आहेत, सगळं मिळून 4000 अक्षरं. शाळेने बारावीचे अंदाजे मार्क द्यायचे असतात, ते प्रिन्सिपलना आधी समजावून सांगावं लागतं. इंग्लिशसाठी काही ठिकाणी बारावीचे मार्क चालतात पण प्रत्येक युनिव्हर्सिटीचा नियम वेगळा, त्यांच्या पानावर स्टेट बोर्डाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच, नाहीतर आयईएल्टीएस ही इंग्लिशची परीक्षा दे, तिचा निकाल दोन वर्षं चालतो.

पेडण्याचो_पोर
टीचर, स्पॅमचं अगदी खरं!! माझ्या भावाचंही तेच झालेलं.

अमेरिकेबद्दल मी सांगतो, भाऊ तिथं आहे. कॉमन ॲपवर, म्हणजे तिथल्या सामायिक अर्जाच्या वेबसाइटवर, 20 कॉलेजांपर्यंत टाकता येतात पण प्रत्येकाची फी वेगळी, 20 टाकशील तर दुकान गहाण. पैसे नाहीत म्हणून घाबरू नको, पण नीट शोध. पैशाची गरज किती ते न बघता बाहेरच्या देशातल्या मुलांना घेणारी कॉलेजं मोजकीच आहेत, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी, आणि तिथं आत जाणं किती कठीण ते वेगळं सांगायला नको. बाकीच्या बहुतेक ठिकाणी तू मदत मागितलीस तर तेही तोलून बघतात. अर्ली डिसिजन म्हणजे घेतलं तर जायचंच, ते मदतीचा आकडा कळल्याशिवाय हलकं घेऊ नको.

निबंध 650 शब्दांचा. भावाने पहिला ड्राफ्ट लिहिला, 'गोव्याच्या सुंदर किनाऱ्यांवर मी स्वप्नं बघायला शिकलो'. आम्ही पेडण्याचे, रानाकडचे, त्याने आयुष्यात चार वेळा दर्या बघितला असेल! मी म्हटलं रे, हे टुरिझमचं पोस्टर आहे. मग त्याने माटोळीवर लिहिलं, चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात ती. दरवर्षी आजीबरोबर रानात जाऊन कवंडळ, घागऱ्या, सुपारीचे घोस आणायचे, आणि आजी म्हणायची पूर्वी हे घराच्या मागेच मिळायचं. त्याने तीन चवथी वहीत लिहून ठेवलेलं की कुठली वस्तू किती लांब चालून मिळाली. बस, तो निबंध झाला. त्याला पर्यावरणाच्या गप्पा मारायची गरजच पडली नाही.

फॉन्तेन्हासची_मावशी
काकांच्या पासपोर्टबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, आमच्या घरात दोघांनी काढलाय.

काकांची माहिती जुनी आहे. 2020 पर्यंत ईयूच्या (युरोपियन युनियनच्या, पोर्तुगाल त्यातलाच) पासपोर्टवर इंग्लंडमध्ये तिथल्या मुलांएवढी फी लागायची. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे 2021 च्या ॲडमिशनपासून, ते गेलं. काका-काकी तिथं सेटल्ड असतील तर त्यांच्या मुलांना मिळेल, तुला नाही. पोर्तुगालमध्ये फायदा आहे, तिथं नागरिकांना सरकारी युनिव्हर्सिटीची फी वर्षाला साधारण 700 युरो, परदेशी विद्यार्थ्यांना कितीतरी पट. पण पहिली डिग्री बहुतेक पोर्तुगीजमधून, आणि ॲडमिशनच्या अटी आहेतच. जर्मनीत पासपोर्टमुळे व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट सुटेल, पण बारावी ती बारावीच राहते, पासपोर्टने मार्कशीट बदलत नाही.

आणि हे रिझल्टच्या आत होणारं काम नव्हे बाय. आधी आजोबांची नोंद लिस्बनला, मग बाबांची, मग तुझी, वर्षं जातात. शिवाय तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. उद्या परत येऊन सरकारी नोकरी करायची म्हणालीस तर? घरात बसून विचार करा, स्विंडनच्या फोनवर नको.

पण एक काम आज कर. आजोबांच्या नोंदीत आडनाव कसं लिहिलंय ते बघ. आमच्याकडे 'शेट' चं एक्सने सुरू होणारं 'शेटे' झालंय आणि 'प्रभू' चं 'पोरोबो', आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यात तिसरंच. पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट, जन्मदाखला या तिन्हींत एकच स्पेलिंग लागतं, मग ती जर्मनी असो की कॅनडा.

साखळीची_बाय
बापरे, आत्ता काढून बघितलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर बाबांचं नाव पूर्ण आहे, माझ्या पासपोर्टवर एक अक्षर जास्त, आणि जन्मदाखल्यावर बाबांच्या नावाआधी आजोबांचं. तिन्ही वेगळं!

एजंटला बाबांनी फोन केला. युनिव्हर्सिटीचं नाव विचारलं तर म्हणाला 'ते नंतर ठरवू, आधी फाइल उघडू'. बाबांनी फोन ठेवला आणि चहा मागितला, अजून काही बोलले नाहीत. मला वाटतं फर्मागुडीवाल्या दादांचा तिसरा रस्ताच परवडेल, इथं पहिलं वर्ष आणि सोबत जर्मन. कर्जाचं काही असतं का कोणाला माहीत?

फर्मागुडी_ते_जर्मनी
गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याज नसलेली शैक्षणिक कर्जाची योजना आहे, पर्वरीला जाऊन अटी स्वतः विचार, रहिवासी दाखला लागेल, तो आधी काढ. बँकेच्या कर्जाशी मांडून बघ. जर्मन गोव्यात बसूनच बी-वन पातळीपर्यंत काढ, तिथं गेल्यावर महाग पडतं.

फोंड्याची_टीचर
नावाचं काम सोमवारीच सुरू कर. आधी शाळेच्या ऑफिसात जा, चूक दाखल्यातली की बोर्डाची ते क्लार्क सांगेल. साडेबाराच्या आत जा, नंतर कोणी भेटणार नाही.

साखळीची_बाय
देव बरें करूं सगळ्यांक. बाबा विचारतायत, ती कवंडळ कुठल्या रानात मिळाली? आमच्याकडे गेल्या वर्षी मिळालीच नाहीत.