मुलं शेतावर कंटाळत नाहीत, फक्त कामाची वेळ सांभाळा

सुट्टीचा महिनाभर मुलांना गावी दोन एकराच्या शेतावर ठेवायचं तर ती करतील काय, असं एका ताईंनी विचारलंय. आमचं शेत निफाड तालुक्यात, म्हणून घरचं सांगते.

एप्रिलमध्ये आमच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी असते. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच सुकवतो, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापायची. विळा मोठ्यांच्या हातात; मुलांकडे निवड. जोडकांदा आणि डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा आलेला कांदा, वेगळा काढायला माझी आठ वर्षांची लेक दोन दिवसांत शिकली. हे काम खरंच महत्त्वाचं आहे, कारण असा कांदा टिकत नाही, आणि कांदा साठवायच्या चाळीत एक सडका कांदा गेला की शेजारचेही खराब होतात. गेल्या वर्षी आम्ही घाईत निवड नीट केली नाही आणि जुलैत चाळीला वास सुटला.

पण हे सगळं सकाळी सहा ते दहा. नंतर ऊन फार असतं, मुलांना घरातच ठेवा.

दुपारी आजीच्या कुरडया. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजला, की सोऱ्यात जाण्याआधीच मुलं वाट्या घेऊन बसतात. गरम चीक, वरून कच्चं तेल.

आणि ताई, विहिरीला कठडा नसेल तर मुलं यायच्या आधी तो बांधून घ्या.